वाकड्या मानेची गिटार

शुक्रवारी दुपारी सव्वादोनला नापाससाहेबांनी सुनेच्या गिटारची मान मोडली. सहा वाजता तिचा कार्यक्रम होता.

मोडली म्हणजे दोन तुकडे वगैरे झाले नाहीत. ‘कट्’ असा एक बारीक आवाज आला, एवढंच. पण पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा आवाज ऐकल्यावर पुढचं कुणी समजावून सांगावं लागत नाही. ‘नापाससाहेब’ हे नावही त्यांना कारखान्यातच पडलं होतं. पंपाचा दांडा डोळ्यांसमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि केसभर जरी बाक दिसला तरी त्याच्यावर लाल रंगाचा फराटा ओढायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर लाल रंग सुटला, डोळा मिटायची खोड काही सुटली नाही. घरातले पडद्यांचे गज, दारांच्या चौकटी, समोरच्यांच्या नव्या कपाटाच्या फळ्या, सगळं त्यांनी तपासून नापास केलेलं होतं.

सून इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. तिथल्याच चौघांनी मिळून बँड काढला होता, त्यात ती बेस वाजवायची. बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाचं तिच्याकडे लक्ष नसतं, पण थांबली की अख्खं गाणं खाली बसतं. आज इस्पितळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला बँड पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाजवणार होता. सून आत शर्टाला इस्त्री करत होती आणि तिची जुनी बेस बाहेर सोफ्यावर पडली होती.

साहेबांनी सहज उचलून पाहिली. एक डोळा मिटला.

“मान वाकलीय गं हिची,” ते म्हणाले.

“असेल,” आतून सून म्हणाली.

या ‘असेल’चा अर्थ साहेबांनी परवानगी असा घेतला. मानेच्या टोकाला एक छोटी झाकणी होती, झाकणीखाली स्क्रू होता, आणि त्याला बसणारा पाना साहेबांच्या पेटीत नसेल असं होणं शक्य नव्हतं. त्यांनी अर्धा आटा फिरवला. बघितलं. आणखी अर्धा फिरवला. कट्.

सून इस्त्री तशीच ठेवून बाहेर आली. चारही तारा मानेपासून सुटून अशा वर आल्या होत्या की खालून पेन्सिल सहज गेली असती. तिने एक तार दाबून पाहिली. वाऱ्यावर खिडकीचं सैल दार आपटावं तसा आवाज आला. साहेब पाना हातात धरून उभे होते. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने गिटारकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा कामासाठी परगावी, बायको तिच्या बहिणीकडे. रागवायलासुद्धा कुणी नाही, म्हणजे सगळी शिक्षा एकट्यानेच भोगायची. पाच मिनिटं साहेब दारासमोर येरझारा घालत राहिले. मग त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. पेन्शनमधून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून ते जमवलं होतं. कशासाठी ते अजून ठरलं नव्हतं, आज ठरलं.

“चल,” ते बंद दाराला म्हणाले. “नवी घेऊ. पैसे माझे. फक्त या पाकिटात बसेल अशी घ्यायची.”

दार उघडलं. “बाबा, साडेचारला मला हॉलवर पोचायचंय.”

“तीनला दुकानात असू. एक वस्तू पसंत करायला कितीसा वेळ लागतो?”

हा प्रश्न नापाससाहेबांनी विचारावा, यावर सून हसली असती, पण आज ती हसली नाही.

वाद्यांचं दुकान बसच्या दुसऱ्या थांब्यावर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक पन्नाशीचा, पिकल्या केसांची वेणी घातलेला गृहस्थ होता. साहेबांनी पाकिटातला आकडा सांगितला. वेणीवाल्याने भिंतीवरच्या वरच्या दोन रांगांकडे पाहायचंच नाही असं प्रेमाने सुचवलं आणि खालच्या रांगेतली एक काळी बेस काढून सुनेच्या हातात दिली. सुनेने पट्टा खांद्यावर घ्यायच्या आत साहेबांनी ती मधल्यामध्ये घेतली, बुडखा पोटाशी धरला, टोक खिडकीकडे केलं आणि एक डोळा मिटला. मान किंचित वर, मग किंचित खाली, मग पुन्हा वर.

“वाकडी आहे,” ते म्हणाले.

मालकाने समजावलं की बेसच्या मानेला केसभर बाक मुद्दामच ठेवतात, तार थरथरायला जागा लागते. साहेब म्हणाले, केसभर मला कळतो, हा केसभर नाही. मालकाने दुसरी काढली, तांबूस रंगाची. तीही वाकडी, आणि तीही उलट्या अंगाला. तिसरी वजनाला हलकी होती, सुनेने दोन सूर वाजवले, सूर चांगले होते. साहेबांनी ती हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली. सव्वातीन झाले होते.

“बाबा, मला चालेल ही.”

“तुला चालेल गं. कार्यक्रमाच्या मध्यात काही झालं म्हणजे? एकदा माझ्या हातून झालंय. दुसऱ्यांदा मी डोळे मिटून पास करणार नाही.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इस्पितळातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बँडमध्ये ड्रम वाजवायच्या. त्या विचारत होत्या, निघालीस का. सून म्हणाली, निघतेच आहे. फोन ठेवल्यावर तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली, आणि साहेबांनी ते पाहिलं. चार वर्षांत सुनेला त्यांनी असं करताना एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या दिवशी, थिएटरबाहेर.

वेणीवाला गोदामात गेला आणि न उघडलेलं खोकं घेऊन आला. पट्ट्या कापल्या, थर्माकोल बाजूला केलं. साहेबांनी पाहिलं आणि मान हलवली.

आता गल्ल्यापाशी एक बाई उभ्या होत्या. मुलीसाठी साधी गिटार पसंत करून त्या पैसे द्यायच्या बेतात होत्या. पंधरा मिनिटं त्या हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी पैसे पर्समध्ये परत ठेवले आणि हळूच विचारलं, “काका, आमचीही जरा बघता का?”

साहेबांना कुणी विचारलं आणि त्यांनी तपासलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी पाहिली. वाकडी. बाई आभार मानून, मुलीचा हात धरून जिना उतरल्या. मग मेंडोलीन दुरुस्तीला आलेले एक दाढीवाले गृहस्थ पुढे झाले. मग ज्यांना फक्त तारा हव्या होत्या ते एक जण, जाऊन घरून आपली गिटार घेऊन येतो म्हणाले. वेणीवाल्याच्या कपाळावर घाम आला. दुकानाला पंचवीस वर्षं झाली होती आणि एकाच दुपारी त्यातला सगळा माल वाकडा ठरत होता.

“काका,” तो फार जपून म्हणाला, “माझ्याकडे पोलादी पट्टी आहे. मानेला लावून बघू. पट्टी काही खोटं बोलणार नाही.”

त्याने मीटरभर लांबीची पट्टी काढून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी आधी सवयीने पट्टीच डोळ्यांसमोर धरली. एक डोळा मिटला. मान वर, मान खाली.

त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा धरली.

“पट्टीपण वाकडी आहे,” ते शेवटी म्हणाले. पण या वेळी आवाजात खात्री नव्हती.

वेणीवाल्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. “काका, चष्मा नवीन का? लांबचं, जवळचं, मधलं, सगळं एकाच काचेत?”

चष्मा पंधरा दिवसांपूर्वीचा होता. देणाऱ्याने सांगितलं होतं की सुरुवातीला काचेच्या कडेने बघितलं की पायऱ्या, चौकटी वाकड्या दिसतील, नाकासमोर धरूनच बघायचं, सवय होईल. साहेबांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता त्यांनी चष्मा बोटाने वर सरकवला आणि काचेच्या मधोमधून पट्टीकडे पाहिलं. पट्टी सरळ झाली. खाली सरकवला. वाकली. मग त्यांनी काळी बेस पाहिली, तांबूस पाहिली, हलकी पाहिली. सगळ्या नीट होत्या.

ते ड्रमच्या एका स्टुलावर बसले. दुकानातल्या कुणालाही कळणार नाही अशी एक गोष्ट त्यांना कळली होती: सोफ्यावरची ती मानही सरळच असणार. सरळ मान त्यांनी सरळ करायला घेतली आणि मोडली. आणि पंधरा दिवसांत घरातलं काय काय त्यांनी सरळ केलं होतं, याचा हिशोब तर त्यांनी मनातसुद्धा सुरू केला नाही.

पावणेचार झाले होते. दाढीवाले गृहस्थ मेंडोलीन घेऊन जिन्याकडे निघून गेले. सून साहेबांसमोर उकिडवी बसली, इस्पितळात पेशंटसमोर बसते तशी.

“बाबा, चष्मा काढा,” ती म्हणाली. “आता डोळे मिटा. कारखान्यात दिवे गेल्यावर काय करायचात?”

“हाताने बघायचो.”

“मग हाताने बघा.”

वेणीवाल्याने कोपऱ्यातून एक बेस आणली आणि सुनेने ती साहेबांच्या मांडीवर ठेवली. साहेबांनी अंगठा मानेच्या कडेने फिरवला. मानेवरच्या आडव्या पत्र्याच्या पट्ट्यांची टोकं कुठे बोचतात का, ते पाहिलं, बोचत नव्हती. तारा पिळायचे चारही पेच फिरवले. सगळे सारखे घट्ट होते. मान तळहातावर तोलली. मग सुनेने त्यांच्या खांद्यावरून हात घालून सगळ्यात जाड तार छेडली. तो सूर साहेबांना कानांपेक्षा आधी बरगड्यांत कळला.

“ही,” ते म्हणाले. “ही घे.”

डोळे उघडून त्यांनी पाहिलं तेव्हा कळलं की रंग खोकल्याच्या औषधासारखा हिरवट होता. पण पास केलेला माल ते परत घेत नसत. पाकिटातल्या पैशांत ती बसली, पिशवीसकट. मोडकी बेस दुरुस्तीसाठी घरून सोबत आणली होती, ती दुकानात ठेवली आणि दोघं धावतच जिना उतरले.

सहाला साहेब तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिलं गाणं सुरू झालं आणि मिनिटभरात सुनेच्या कपाळावरची आठी गेली. शेजारच्या म्हाताऱ्या नर्सबाईंनी विचारलं, ती हिरव्या गिटारवाली तुमची कोण. साहेब म्हणाले, सून. आणि पुढची तीन गाणी त्यांनी चष्मा काढून ऐकली.

सोमवारी सून इस्पितळात गेल्यावर ते एकटेच दुकानात गेले. तीन रात्री त्यांना नीट झोप नव्हती. मोडकी बेस दुरुस्त होत असेल तर कितीही पैसे लागोत, ते करून घ्यायचं, असं ठरवून ते निघाले होते. वेणीवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, म्हणजे त्याने मनातून राग काढून टाकला होता.

“हिचं काही होणार नाही, काका. मान सरळ धरणारा आतला रॉड गेलाय.”

“माझ्यामुळे.”

“तुमच्यामुळे कसला? त्याचे आटे गेल्या वर्षीच झिजले होते. मान तेव्हापासून वाकलेलीच आहे. मॅडमना मी तेव्हाच सांगितलं होतं, आता कुणी हात लावला तरी जाणार, नवी बघा.”

साहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “कुठल्या मॅडमना?”

“तुमच्या सूनबाईंना. दर शनिवारी येतात ना दुपारी. ती हिरवी त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच पसंत केलीय. येऊन वाजवतात, पुसून ठेवतात, जातात. मला म्हणाल्या, घरी यंदा खर्च फार झालाय, जमेल तेव्हा घेईन, कुणाला देऊ नका. म्हणून कोपऱ्यात ठेवली होती.”

साहेब खुर्चीत जरा पुढे सरकले. “आणि शुक्रवारी?”

वेणीवाला एकदम ओशाळला. आपण जास्त बोललो हे त्याच्या लक्षात आलं, पण अर्धं बोलून थांबणं त्याला जमलं नाही. “तुम्ही यायच्या आधी त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, सासरे येतायत सोबत. ती हिरवी सगळ्यात शेवटी काढा. पहिली काढलीत तर नापास होईल.”

मोडकी बेस खांद्याला लावून बसच्या थांब्यापर्यंत साहेब रागात चालले. तीन रात्रींची झोप, पेन्शनचं पाकीट, चारचौघांत झालेली शोभा. थांब्यावर बस यायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात राग थोडा थोडा ओसरत गेला. यंदा घरात खर्च कशाकशाचा झाला ते त्यांना ठाऊक होतं. गच्चीची गळती, आणि त्यांचं ऑपरेशन. त्यात तिचा पगार किती गेला तेही ठाऊक होतं. तिने नवी मागितली असती तर आपण काय म्हणालो असतो, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं: ‘आहे ती वाजतेय ना?’ असंच म्हणालो असतो.

संध्याकाळी सून घरी आली. चप्पल काढता काढता तिने कोपऱ्यातली जुनी बेस पाहिली आणि थबकली.

“दुकानात गेला होतात?”

“गेलो होतो.”

“काय म्हणाले ते?” तिने स्वयंपाकघरात जाऊन पाठ वळवून पाण्याची बाटली भरायला घेतली. बाटली भरली तरी नळ चालूच राहिला.

साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं, चष्मा नाकावर नीट बसवला. “म्हणाला, चूक सगळी माझीच. आटा जास्त फिरवला मी.”

नळ बंद झाला. सुनेने सोडलेला सुटकेचा श्वास त्यांना पाठीमागूनही ऐकू आला.

“जाऊ दे ना बाबा. होतं असं.”

“होतं खरं,” साहेब म्हणाले आणि पान उलटलं. “आणि हो, तो म्हणत होता, घरी वाजवायला स्पीकर लागेल तो बघायला मॅडमना शनिवारी पाठवा. नेहमीच्या वेळेला.”

स्वयंपाकघरात भरलेल्या बाटलीवर नळ पुन्हा सुरू झाला.