शोककवितेचा पाठ

सोमवारी दिग्रसच्या शाळेत तपासणी होती आणि मारोतराव मास्तरांना साहेबांसमोर एक शोककविता शिकवायची होती. घरात ते एकटेच होते. "वर्गात कवितेसाठी जीव टाकता, घरी मात्र माह्याशी दोन शब्द बोलाले तोंड दुखते तुमचं," असं म्हणून त्यांची बायको मैनाबाई रुसून माहेरी, बोरी अरबला गेली होती.

रविवारी सकाळी मास्तर दार लावून, डोळे मिटून सराव करू लागले. "ती गेली! अंगणातली वेल सुकली. वेल म्हणजे तिचं आयुष्य. देवापुढचा दिवा विझला. दिवा म्हणजे तिचा प्राण!" 'प्राण' म्हणताना त्यांनी आवाज असा कापरा केला की त्यांच्याच अंगावर काटा आला.

भिंतीपलीकडे शेजारच्या इंदूबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप गळून पडलं. मैना गेली! त्यांनी रडतच आळीतल्या बायांना हाका मारल्या आणि थोड्याच वेळात मास्तरांच्या ओट्यावर रडारड सुरू झाली.

मास्तर दार उघडून बाहेर आले. "काय झालं? काहून रडून राह्यल्या तुम्ही?"

दुःखानं मास्तरांचं भान सुटलं, असं इंदूबाईंना वाटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "असं काय इचारता, मास्तर! गेली ना जी आपली मैना!"

मास्तर मटकन खाली बसले. बोरी अरबहून निरोप आला असणार! उपमा, रूपक, प्रतीक, काही म्हणजे काही आठवेना. ती निघाली तेव्हा आपण पुस्तकातून मान वर केली नव्हती, एवढंच आठवलं. ते उठले आणि एस.टी.च्या थांब्याकडे धावत सुटले.

बोरी अरबला सासऱ्यांच्या अंगणात मैनाबाई केस वाळवत उभी होती. तिला पाहून मास्तर दारातच हमसून हमसून रडू लागले.

"अवो, कोन गेलं?" ती घाबरली.

"तू!"

"मी? कोनं सांगतलं?"

"इंदूबाईनं."

"तिले कोनं सांगतलं?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. निरोप घेऊन तर कोणीच आलं नव्हतं. त्यांचं रडणं हळूहळू थांबलं.

"मीच," ते म्हणाले, आणि खाली मान घालून सारं सांगून टाकलं.

मैनाबाई हसली नाही. मास्तरांच्या पायात चपला नव्हत्या; ती तिकडेच पाहत राहिली. मग आत जाऊन आपली पिशवी घेऊन आली.

"चला," ती म्हणाली. "अन् गाडीत बसल्यावर ती कविता मले समजावून सांगा. ती बाई कायले गेली, पाहू तरी."