गळती नसल्याचा दाखला

आमच्या सोसायटीत गळती नाही. हे माझं मत नाही, ठराव आहे. इथे हिंदी मुलखात, जगतपुऱ्यातल्या आदर्श सोसायट्यांच्या स्पर्धेसाठी कमिटीने तो एकमताने मंजूर केला आणि गेटवर बोर्ड लावला. त्यामुळे मंगळवारी सकाळी आमच्या संडासातल्या फ्लशच्या टाकीला पाणी आणणारी नळी जोडावर गळू लागली, तेव्हा ती गळते आहे असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला उरलेला नव्हता.

दुखणं छोटं होतं. नटाच्या आतला रबरी वॉशर झिजला होता. पण भिंतीतला कॉक इथल्या खाऱ्या पाण्याने असा जाम झाला होता, की बाबांनी जोर लावल्यावर कॉक हलला नाही, बाबा हलले. पाणी बंद करायचं तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह, आणि गच्चीची किल्ली कमिटीच्या कपाटात.

फरशी ओली राहू लागली. माझ्या आजोबांच्या, म्हणजे हिंदुरावांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झालेला. घसरायच्या भीतीने त्यांनी संडासात जाणं कमी केलं आणि जाणं कमी व्हावं म्हणून पाणी पिणं सोडलं. मे महिना. बाहेर चव्वेचाळीस.

"आजोबा, निदान अर्धा पेला."

"नगं. आत गेलं की भाईर याला बघतंय." ओठ सुकले होते, कोल्हापूर सुकलं नव्हतं. "माझ्या वाटचं ती टाकी सांडतीया की."

बाबा कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. "ॲपवर तक्रार टाक ना गं," म्हणाले. ॲपमध्ये चारच पर्याय: लिफ्ट, पार्किंग, कुत्रे आणि शेजाऱ्यांचा आवाज. गळती नव्हती, कारण गळती नव्हती. मी 'शेजाऱ्यांचा आवाज' निवडून 'सतत टपटप' असं लिहिलं. उत्तर आलं: दोन्ही कुटुंबांनी सामंजस्याने घ्यावे.

मग मी थेट सेक्रेटरी भगवानजींच्या ऑफिसात गेले.

"बेटा, लीकेज तो अपने यहाँ है ही नहीं।"

"तो हमारी फरशी पे क्या है, अंकल?"

"नमी।" हवेतला ओलावा म्हणे. त्यांनी खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे बोट दाखवलं. "मौसम कमिटी के हाथ में नहीं होता।"

मी किल्ली मागितली. किल्ली फक्त शिस्तबद्ध फ्लॅटना मिळते, आणि शिस्तबद्ध म्हणजे ज्यांच्याकडे गळती नाही ते. त्यांनी फॉर्म पुढे केला. 'आमच्या फ्लॅटमध्ये गळती नाही, नव्हती आणि स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत होणार नाही.'

"और हो गई तो?"

"तो आपने झूठा साइन किया।"

मला आजोबांचे ओठ आठवले. मी सही केली. आयुष्यातली पहिलीच, म्हणून खाली दोन रेघाही मारल्या.

व्हॉल्व्ह बंद करणं, नट सोडवणं, नवा वॉशर बसवून पान्याने हलकेच आवळणं, असं सगळं मिळून सात मिनिटं लागली. फरशी पुसली. आजोबांनी लागोपाठ दोन तांबे रिकामे केले आणि काठी टेकत, कुणालाही हाक न मारता, आत गेले. मी दाराबाहेर कान देऊन उभी होते. पडल्याचा आवाज आला नाही.

न झालेली गळती इतक्या शिस्तीत थांबवल्याबद्दल कमिटीने माझी दखल घेतली. आता मी 'गळतीमुक्ती कनिष्ठ अधिकारी' आहे. गळ्यात ओळखपत्र आहे, किल्ली माझ्याकडे असते, फॉर्मचा गठ्ठाही. ओळखपत्र शाळेच्या युनिफॉर्मवर छान दिसतं, हे मी नाकारणार नाही.

काल खालच्या मजल्यावरच्या ज्ञानदाकाकू वर आल्या. चपला ओल्या, साडीचा काठ ओला.

"अगं, सासूबाईंनी कालपासून पाण्याचा घोट घेतला नाही. घसरायची भीती वाटते म्हणतात. जरा किल्ली दे ना, बाळा."

मी चपलांकडे पाहिलं. मग फॉर्म काढला.

"काकू, तुमच्याकडे गळती नाही ना? मग इथे सही करा."

त्यांनी न वाचता केली. तुम्हीही केली असती. आणि हसू नका, माझ्या जागी असता तर पेनही तुम्हीच पुढे केलं असतं.