पाऊण इंचाची गाठ

माप घ्यावं तर मीच! तीस वर्षं शिवणकाम करतोय. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याची कंबर मला टेपशिवाय कळते. म्हणून आमच्या बॉबिनच्या बरगडीवर गाठ हाताला लागली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. निदान बायकोला तसं दाखवलं! बॉबिन म्हणजे आमची कुत्री. वय वर्षं नऊ, मुक्काम माझ्या मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगात.

"अहो, डॉक्टरांना दाखवू या ना," बायको म्हणाली.

"अगं, लगेच कशाला पळायचं? रोज माप घेतो. वाढली तर बघू!"

खरं सांगू? डॉक्टर काय सांगतील, याचीच धास्ती होती.

पंधरा दिवस माप रोज तेच, पाऊण इंच. सोळाव्या दिवशी मी बँकेच्या मॅनेजरसाहेबांना कोटाची ट्रायल देत होतो, म्हणून माप बायकोने घेतलं. आतून ओरडली, "दोन!"

माझ्या तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या. पाऊणाचे दोन, एका दिवसात! या वेगाने रविवारपर्यंत गाठ मोठी आणि कुत्री छोटी!

"साहेब, गाडी आणलीय ना?"

साहेब इतके गोंधळले की आम्हा दोघांना आणि बॉबिनला घेऊन एका बाहीच्या कोटातच गाडी चालवायला बसले. कोटभर टाचण्या! प्रत्येक वळणावर "आई गं!" दवाखान्यात पोचलो तर डॉक्टरबाई थेट त्यांच्याकडेच धावल्या. "यांना काय चावलं?"

"यांना काही नाही हो! हिची गाठ बघा! पाऊण होती, दोन झाली!"

बाईंनी गाठ चाचपली, मोजली. "बरोबर. दोन सेंटिमीटर."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने हातातल्या टेपकडे.

"तुमच्या टेपवरचे इंचाच्या बाजूचे आकडे पार पुसलेत! सेंटिमीटरचे दिसले, ते वाचले!" ती म्हणाली.

साहेबांनी एकुलत्या एक बाहीने कपाळ पुसलं.

"म्हणजे वाढलीच नाही! चला घरी!" मी उठलो.

"बसा!" बाई म्हणाल्या. "वाढली नाही म्हणजे साधीच आहे, असं नसतं. ते टेपला कळत नाही, तुमच्या बोटांनाही नाही. नवी गाठ लागली की लगेच आणायचं. पंधरा दिवस कसली वाट बघत होता?"

मी मान खाली घातली. बॉबिनने माझा हात चाटला.

"सुईने थोडा नमुना घेते," म्हणत बाईंनी सुई काढली. बॉबिन शांत उभी होती. पुढचं मला नीट आठवत नाही. तीस वर्षं सुईवर पोट भरणारा माणूस, सुई बघून आडवा!

डोळे उघडले तर मी फरशीवर आणि बॉबिनची जीभ माझ्या गालावर. बायको डोळे पुसत हसत होती. "अहो, बाईंनी नमुना लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, चरबीची गाठ निघाली! काही धोका नाही!"

मला रडावं की हसावं कळेना. उठायला गेलो, तर भिंती गोल फिरल्या.

बाई साहेबांना म्हणाल्या, "कुत्रीला घरी न्यायला हरकत नाही. यांना मात्र तासभर इथेच राहू दे."