पाडसाची बाटली आणि आयत्या वेळचे विषय

आमच्या खोऱ्यात डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, हरिणी वितात, मेंढ्यांची लोकर कातली जाते आणि नाताळचे पाहुणे येतात. ही तिन्ही कामं वर्षानुवर्षं सुरळीत पार पडत आली आहेत, कारण त्यांबद्दल कुणी कुणाला सल्ला विचारत नाही. मर्ल स्ट्रॅकनने यंदा तो विचारला. पुढचं सगळं त्यातून उद्भवलं.

प्रसंग साधा होता. मर्लच्या कळपातली एक हरिणी कुंपणाच्या तारेत मान अडकून मेली आणि तिचं नुकतंच जन्मलेलं पाडस मागे राहिलं. मर्लने ते उचलून स्वयंपाकघरात आणलं आणि नवऱ्याच्या जुन्या स्वेटरवर निजवलं. तिने त्याला नाव ठेवलं नाही. हरणं विकून पोट भरणाऱ्या माणसाने पाडसाला नाव ठेवलं की धंदा बसतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. दुपारपर्यंत ती त्याला ‘बाळा’ म्हणत होती, पण ते काही नाव नव्हे.

आता बाळाला बाटलीने पाजायचं तर दूध कोणतं? मर्लने त्याच पावली गोर गावातल्या दुकानात जाऊन कोकरांसाठी मिळते ती दूध पावडर आणली असती, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती. दुर्दैवाने त्याच संध्याकाळी हरीणपालक चर्चामंडळाची सभा होती.

चर्चामंडळाचं काम असं: महिन्यातून एकदा कुणाच्या तरी शेतावर जमायचं, त्याचं काय काय चुकतंय ते बारकाईने पाहायचं, त्यातलं काहीही त्याला सांगायचं नाही, आणि त्याच्या बायकोने केलेले स्कोन खाऊन घरी जायचं. खरं मत परतीच्या वाटेवर, गाडीत मांडायचं. या पद्धतीने आमच्या खोऱ्यात तीन पिढ्या शांतता नांदली. मी या मंडळाचा चिटणीस आहे.

मर्लने आपला प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत मांडला. अध्यक्ष डूगल मॅकेकनी याच्याकडे हरणं आहेत, पण त्याहून कितीतरी जास्त गाई आहेत.

“गाईचं पाज, दुसरं काय,” तो म्हणाला. “माझ्या टाकीतून बादलीभर ने.”

“ने गं, मर्ल,” रेविन टोमोआना म्हणाली. रेविन हरणांच्या जोडीला शेळ्या पाळते आणि डूगलच्या गाईंनी ओढा घाण केला असं तिचं मत आहे. ते तिने त्याला कधीही सांगितलेलं नाही. “पाणी घालायचा त्रास तरी वाचेल तुझा.”

आमच्याकडे याला कडाक्याचं भांडण म्हणतात. सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. रेविनने मग, विषय बदलावा तशा सहज स्वरात, शेळीचं दूध पचायला किती हलकं असतं ते सांगितलं. डूगलने, तितक्याच सहजपणे, शेळीच्या दुधाचा वास आपल्याला कसा आवडतो पण बायकोला कसा सहन होत नाही, हे सांगितलं. परिस्थिती हाताबाहेर जाते आहे हे ओळखून मी उपसमिती सुचवली. उपसमितीत डूगल, रेविन आणि मी आलो. त्या दोघांना मतं होती म्हणून ते आले, आणि मला नव्हतं म्हणून मी.

“त्याला भूक आत्ता लागलीय,” मर्ल म्हणाली.

पाडसाच्या भुकेची सभेने नोंद घेतली.

मर्लला खोऱ्यात राहायचं होतं. उन्हाळ्यात गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र ती डूगलचं वापरते, आणि तिची आई पडली तेव्हा आठवडाभर जेवण रेविनने पोचवलं होतं. तेव्हा तिने शेजारधर्माला धरून मार्ग काढला. सकाळी गाईचं दूध, संध्याकाळी शेळीचं. डूगल सकाळी डोकावायचा, रेविन संध्याकाळी. दोघंही समाधानाने परतायचे. पाडसाला मात्र शेजारधर्माची जाण नव्हती. त्याला हगवण लागली.

डूगलच्या मते ती शेळीमुळे लागली. रेविनच्या मते ती कशामुळे लागली हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ती बोलली नाही.

अशा वेळी बाहेरचा माणूस आणतात. आमच्या वर्गणीतून डनेडिनहून क्वेंटिन बॅलंटाइन नावाचे सल्लागार आले. त्यांचे गमबूट इतके स्वच्छ होते की मर्लच्या कुत्र्याला हुंगायला काही सापडेना. त्यांनी पाडसाकडे बराच वेळ पाहिलं.

“एका पाडसावरून काहीच सिद्ध होत नाही,” ते म्हणाले. “हे जगलं तरी नाही आणि मेलं तरी नाही.”

“मेलं तर मेलं, एवढं तरी होईल की सिद्ध,” मर्ल म्हणाली.

क्वेंटिनसाहेबांनी ही भावना समजून घेतली आणि रीतसर चाचणीचा आराखडा मांडला. पाडसांचे गट करायचे. एकाला गाईचं दूध, एकाला शेळीचं, एकाला पावडर. तुलनेसाठी आणखी एक गट, ज्याला काहीच द्यायचं नाही. यावर रेविनची भुवई वर गेली. आमच्या खोऱ्यात एवढा निषेध कुणी आजवर नोंदवलेला नव्हता. साहेबांनी तो गट तत्परतेने मागे घेतला.

अडचण एवढीच की खोऱ्यात पोरकं पाडस एकच होतं. विज्ञानाला जास्त हवी होती. उपाय साहेबांनीच सांगितला: बाकीची पाडसं तात्पुरती पोरकी करायची. आयांना हात लावायचा नाही, फक्त पाडसं काढून घ्यायची. प्रत्येकाने आपल्या कळपातून एकेक पाडस द्यायचं ठरलं. मर्लनेही दिलं. न देणं म्हणजे मंडळावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. तिचं मूळचं पाडस चाचणीत घेता आलं नाही. ते आधीच दूध प्यायलेलं असल्यामुळे अपात्र ठरलं. अपात्र पाडसाला काय पाजावं हा प्रश्न चाचणीच्या कक्षेत येत नव्हता, म्हणून त्याची सकाळ-संध्याकाळची वाटणी तशीच चालू राहिली.

पाडसं डूगलच्या गोठ्यात ठेवली होती. ज्यांची पाडसं नेली त्या हरिणी कुंपणाच्या पलीकडे रांगेने येऊन उभ्या राहिल्या. कास तट्ट फुगलेली, नजर गोठ्याकडे. रात्रंदिवस घशातल्या घशात हाका मारायच्या. मर्लने एकदा साहेबांना विचारलं की फाटक उघडलं तर हा प्रश्नच मिटणार नाही का. ते म्हणाले की हा निष्कर्षाचा भाग झाला आणि निष्कर्षाला अजून अवकाश आहे.

निष्कर्ष आला तो असा: हरणाच्या पाडसासाठी सर्वोत्तम दूध हरिणीचं.

सभागृहात टाळ्या झाल्या. गाय हरली नव्हती, शेळी जिंकली नव्हती, आणि डूगल आणि रेविन महिन्यात प्रथमच एका बाकावर बसले. आम्ही साहेबांचे आभार मानले आणि अहवाल एकमताने स्वीकारला. आता अहवाल स्वीकारला म्हणजे अंमल करणं आलं. हरिणीचं दूध हवं तर हरिणीची धार काढायला हवी. डूगलच्या गोठ्यात यंत्रं होतीच. त्यांत फेरफार झाले आणि कुंपणाशी ताटकळलेल्या हरिणी ओळीने आत आल्या.

दूध थोडंच निघालं, पण इतकं दाट की डूगलचा चमचा त्यात क्षणभर उभा राहिला. साहेबांनी त्याची एक बाटली ऑकलंडच्या एका उपाहारगृहाला पाठवली. तिथल्या आचाऱ्याने त्याचं आइस्क्रीम केलं. मग कुणीतरी ते चेहऱ्याला लावून पाहिलं. पुढच्या आठवड्यात सिंगापूरहून फोन आला, आणि आमच्या खोऱ्यातल्या लोकांनी कधी नव्हे ते एकमेकांसमोर ‘बरं चाललंय’ असं कबूल केलं. बरं चाललंय म्हणजे फारच बरं चाललं होतं.

एवढं महाग दूध पाडसांना पाजणं परवडणार नव्हतं. उलट धार वाढवायची तर आणखी पाडसं तोडणं भाग होतं. ती तोडली. गाईची आणि शेळीची, दोघांची मनं दुखावणार नाहीत असा सुवर्णमध्य काढून सगळ्या पाडसांना गोरच्या दुकानातली कोकरांची पावडर सुरू केली. ती त्यांना उत्तम मानवली.

मर्लनेही ती पावडर आणली, पण तिच्या पाडसाने तोवर बाटलीचाच धसका घेतला होता. बाटली दिसली की मान फिरवायचं. बरगड्या मोजता येऊ लागल्या. मर्ल डूगलच्या गोठ्याच्या दारात आली.

“हरिणीच्या दुधाची एक बाटली दे, डूगल. तोंडाला लावलं तर कदाचित घेईल ते.”

“अगं, दिली असती,” डूगल म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. “पण सगळं आधीच विकलंय गं. सभासदांना सूट आहे, पण नंबर लागतो.”

मर्ल दारातूनच माघारी वळली. आम्हाला वाटलं पटलं तिला. ती घरी गेली, अंधार पडायच्या सुमारास पाडस कोटात गुंडाळून परत आली आणि गोठ्यामागच्या कुरणात, तिच्याच कळपातल्या, जिचं पाडस चाचणीला दिलं होतं त्या हरिणीपुढे तिने ते कुंपणावरून आत सोडलं. हरिणी सहसा परकं पाडस घेत नाही, लाथाडते. हिने हुंगलं, थोडा विचार केला, आणि चाटायला लागली. पाडसाने ढुशी मारून कास धरली. पुढे रोज हेच चाललं.

डूगलच्या आठवड्याभरात लक्षात आलं. त्या हरिणीचं दूध घटलं होतं. यंत्र तपासलं, नळ्या तपासल्या. साहेबांनी गळतीचा संशय घेतला. शेवटी डूगल कुरणात गेला आणि त्याला गळती सापडली. ती शेपूट हलवत पीत होती.

तातडीची सभा झाली. मंडळाच्या उत्पादनाचं एका पाडसाकडून अनधिकृत सेवन, हा एकच विषय होता. साहेबांनी उपाय आणला होता: पाडसाच्या नाकावर खिळ्यांची पट्टी बसवायची. म्हणजे ते जवळ गेलं की हरिणीला टोचतं, आणि हरिणी आपणहून त्याला लाथ मारते. मंडळाला हात लावावा लागत नाही. रेविनने ठरावाला अनुमोदन दिलं. तिच्याही दोन हरिणी आता धारेला होत्या.

“एक विचारू?” मर्ल उठून म्हणाली.

“विचार की, मर्ल.”

“ती हरिणी माझी आहे. पाडस माझं आहे. आणि दूध पाडसाचं आहे, हे तुम्हीच अहवालात लिहिलंत. मग त्याने चोरलं काय?”

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. मग डूगल समजावणीच्या सुरात म्हणाला की असं पाहू गेलं तर कुठलाच दूधधंदा चालायचा नाही. मर्लने टेबलावरच्या दुधाच्या भांड्याकडे बोट केलं.

“हे तुझ्या गाईचं ना?”

“हो. सकाळचंच आहे.”

“तिचं वासरू काय प्यायलं आज?”

“वासराचा इथे काय संबंध?” डूगल म्हणाला. “वासरं तर ऑगस्टमध्येच खाटकाच्या ट्रकने गेली.”

मर्लने टोपी घातली आणि ती बाहेर पडली. आम्ही खिडकीतून पाहिलं. तिने ट्रेलर आधीच कुरणाला लावून ठेवला होता, त्यात हरिणी होती, आणि तिच्या पोटाखाली दोन पाडसं. चाचणीला दिलेलंही तिने काढून आणलं होतं. एक डावीकडून पीत होतं, एक उजवीकडून. तिला अडवायचं तर ठराव करावा लागला असता, आणि चहा निवत चालला होता.

डूगलने दुधाचं भांडं फिरवलं. सगळ्यांनी चहात दूध घेतलं, मीही घेतलं. इतिवृत्तात लिहिलं: सौ. स्ट्रॅकन यांचा प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे विचारात घेतला नाही.

तुम्हीही हे चहा पिता पिताच वाचत असाल. असू द्या, कप खाली ठेवायची काही गरज नाही. प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेला नाही.