दावणीची पंगत

महाळुंगे पडवळला गेणभाऊंच्या गोठ्यात चार म्हशी एका दावणीला सुखानं रवंथ करीत होत्या, तोच तिथं विज्ञान शिरलं. ते कळंबपर्यंत टांग्यानं आणि पुढं पायी, गेणभाऊंच्या पुतण्याच्या रूपानं आलं. पुतण्याचं नाव सावळाराम. पुण्याच्या एका रसायनशाळेत तो दोन वर्षं बाटल्या धूत होता, आणि बाटल्या धुता धुता संशोधनही आपल्या हाताला लागलं, अशी त्याची समजूत झाली होती. तिथल्या प्रोफेसरांनी त्याला बजावलं होतं की पेंडीनं दुधातली साय वाढते हे महिन्याभरात आकड्यांनी दाखव, म्हणजे कायमचा सहायक करतो. नाहीतर गावी नांगर आहेच. नांगराचं नाव काढलं की सावळारामला घाम फुटत असे.

त्यानं रीत आखली. चंद्री आणि मोरीला करडईची पेंड, भोरी आणि ढवळीला नुसता कडबा. पाणी, जागा, वेळ सगळं सारखं. चौघींचं दूध वेगवेगळ्या काचेच्या नळीत ठेवायचं आणि वर किती साय येते ती नळीवरच्या खुणांवरून वहीत मांडायची. फरक एकाच गोष्टीत ठेवला की कारण आपोआप सापडतं, हे त्यानं धोंडाबाई काकीला तासभर समजावलं. काकी तांदूळ निवडीत होती. शेवटी ती ‘बरं’ म्हणाली. धोंडाबाईच्या ‘बरं’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो, हे काही पुण्यात शिकवीत नाहीत.

रोज सकाळी सावळाराम दोन पाट्यांत पेंड मोजून घाली आणि ओसरीवर वही आखायला बसे. आधी साय सहाव्या खुणेवर होती. आठवड्यानं ती आठवर गेली. सावळाराम हरखला, पण मग त्याचं बाकीच्या नळ्यांकडं लक्ष गेलं. कडबा खाणाऱ्या दोघींचीही साय आठवरच होती.

त्यानं नळ्या राखेनं घासल्या. साय आठवरच. मग त्याला काकांचा संशय आला आणि दुधात काही करता का, असं त्यानं विचारलं. गेणभाऊ दोन दिवस बोलले नाहीत. मग तो स्वतःच धार काढायला बसला, तेव्हा मोरीनं त्याला लाथेनं उत्तर दिलं. लंगडत लंगडत त्यानं चंद्री-मोरीची पेंड दुप्पट केली, आणि चौघींची साय बिनतक्रार नववर चढली.

“सावळा,” गेणभाऊंनी अखेर तोंड उघडलं, “पेंडीचं पोतं लई लवकर सरतंय, बघ.”

पण वहीत पोत्यासाठी रकाना आखलेला नव्हता, त्यामुळं पोतं शास्त्रात बसेना. उंदीर असतील म्हणून त्यानं सापळा लावला. त्यात एक चिचुंद्री सापडली. ती निर्दोष असावी, कारण पोतं पुढंही तसंच सरत राहिलं. तेव्हा त्यानं पेंडीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. दुसऱ्याच आठवड्यात चौघींची साय एकदम आठवर उतरली.

आता एखाद्या शेंबड्या पोरालाही उमगलं असतं. वही तर कानीकपाळी ओरडत होती. सावळारामनं मात्र विचार करकरून सिद्धांत काढला की पेंडीचा गुण श्वासावाटे शेजारच्या म्हशीत जातो. तो लिहिण्याइतका धीर त्याला झाला नाही. प्रोफेसर उद्या येणार असं पत्र आलं, तेव्हा त्यानं जुनी वही फडताळात कोंबली आणि कोऱ्या कागदावर आकडे जसे यायला हवे होते तसे लिहिले. पेंडवाल्या दोघींची साय पायरी पायरीनं वर गेली, कडब्यावाल्या दोघी सहावर राहिल्या. अक्षर मात्र मोत्यासारखं काढलं.

प्रोफेसर आले. कळंबहून त्यांची पेटी उचलून आलेला टांगेवाला निजामभाईही त्यांच्यासोबत पंगतीला बसला. धोंडाबाईनं दोघांच्याही पानात तूप अगदी सारखं वाढलं. प्रोफेसरांनी तक्ता वाचला, मान डोलावली आणि हात धुऊन ते गोठ्यात गेले, मागोमाग सावळाराम आणि धोंडाबाईही.

“पेंड कुठल्या दोघींना घालता, बाई?”

“दोघींना कशी घालू?” धोंडाबाई म्हणाली. “एका दावणीच्या चौघी. पंगतीत दुजाभाव आमच्या घरात कंदी झाला न्हाई, सायेब. ह्यो गेला का मी भोरीला अन् ढवळीला तेवढीच घालायची. कुलूप लावलं, तवा हाय त्यातच चार वाटे केले.”

सावळारामच्या डोळ्यांपुढं नांगर उभा राहिला. प्रोफेसरांनी हातातल्या तक्त्याकडं पाहिलं, म्हशींकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“मग हे आकडे कुठले?”

मोरीनं शेपूट हलवलं. प्रोफेसरांनी बराच वेळ मिशी कुरवाळली.

“पेंडीनं साय वाढते, असं मी वरच्या साहेबांना महिन्यापूर्वीच लिहून बसलोय,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी तक्त्याची नीट घडी करून खिशात घातली. “अक्षर चांगलं आहे तुझं. सोमवारी कामावर ये.”

चार महिन्यांनी अहवाल छापून आला. वर प्रोफेसरांचं नाव ठळक होतं, खाली बारीक ठशात सावळारामचं. सावळाराम तो घेऊन मुद्दाम गावी आला आणि धोंडाबाईचा उल्लेख असलेलं वाक्य त्यानं तिला मराठीत करून सांगितलं. प्रयोगातील जनावरांना चारा घालणारी व्यक्ती पूर्णपणे निःपक्षपाती होती, असं त्यात लिहिलं होतं.

“म्हंजी?”

“म्हणजे कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, काकी.”

“मंग खरंच हाय की,” धोंडाबाई म्हणाली आणि चार पाट्या उचलून गोठ्याकडं निघाली.

चाळीस पानांच्या त्या अहवालात तेवढं एकच वाक्य खरं होतं.