आधी सही, मग माल

परदेशात पासपोर्ट कुठे ठेवायचा, या प्रश्नावर कुलूपरावांनी निघण्याआधी महिनाभर डोकं खपवलं होतं. सरकारी भांडारात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या या गृहस्थांना हे नाव ऑफिसनेच बहाल केलेलं. 'आधी सही, मग माल' हा त्यांचा नियम. साहेबांना टाचणी हवी असली तरी त्यातून सुटका नव्हती. पाकीट चोर मारतात, पर्स ओढतात. म्हणून कुलूपरावांनी क्रीमच्या बिस्किटांचा एक मोठा चपटा पुडा निवडला, बिस्किटं वाया जाऊ नयेत म्हणून एका बैठकीत स्वतःच फस्त केली, आणि आत दोघांचे पासपोर्ट घालून पुड्याचं तोंड चिकटवून टाकलं.

"आता कुठला चोर बिस्किटं चोरतो बघू," ते बायकोला म्हणाले.

"माझ्यासाठी एखादं तरी ठेवायचं होतं," ती म्हणाली.

आठ दिवस युक्ती झकास चालली. रोज चहाबरोबर बायको त्या पुड्याकडे बघून सुस्कारा टाकायची, एवढाच काय तो त्रास. परतीच्या विमानाच्या आदल्या सकाळी दोघं बाजारात हिंडत होती. फुटपाथवर खुर्ची मांडून न्हावी दाढ्या करत होता, शेजारी फळवाली केळी टांगत होती. कुलूपराव पुडा छातीशी धरून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघत होते. माणसांवर लक्ष ठेवता ठेवता वर बघायचं मात्र राहून गेलं. फळवालीच्या ताडपत्रीवरून एक माकड उतरलं आणि पुडा घेऊन पुन्हा वर जाऊन बसलं.

चोरांबद्दलचा त्यांचा अंदाज अचूक होता. माकड मात्र हिशेबात धरलंच नव्हतं.

माकडाने पुडा फाडला, आत बिस्किटं नाहीत हे पाहून त्याचा चेहरा उतरला. उद्या सकाळी विमान, आणि दोघांची सगळी ओळख एका माकडाच्या काखेत. न्हावी अर्धी दाढी सोडून आला, गिऱ्हाईकही फेसासकट मागोमाग आलं. फळवालीला मात्र हे रोजचंच असावं. तिने शांतपणे एक केळं वर फेकलं. माकडाने ते झेललं आणि एक पासपोर्ट खाली टाकला. तो बायकोचा निघाला.

"माझं काम झालं बाई," ती पासपोर्ट पर्समध्ये टाकत म्हणाली. "मी जाते उद्या. तुम्ही या सवडीने."

फळवालीने दुसरं केळं कुलूपरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते उंच धरलं, पण सोडेनात. एकतीस वर्षांची सवय होती.

"आधी पासपोर्ट," ते माकडाला म्हणाले.

माकडाने उत्तरादाखल पासपोर्टचा कोपरा चावून पाहिला. अर्धा तास हेच चाललं. एवढ्या वर्षांत कुलूपरावांना स्वतःसारखं कुणी भेटलं नव्हतं. इकडे फेस वाळून गिऱ्हाइकाच्या गालाला खाज सुटली.

"अहो, त्याचाही नियमच आहे," बायको म्हणाली. "आणि माल त्याच्याकडे आहे."

हे मात्र त्यांना पटलं. भांडाराच्या भाषेत खिडकीच्या आतल्या बाजूला माकड होतं, ते स्वतः बाहेरच्या रांगेत. त्यांनी मान खाली घातली आणि केळं सोडलं. पासपोर्ट लगेच खाली आला, कोपऱ्यावर दोन दात उमटलेला. सगळ्या बाजाराने टाळ्या पिटल्या. कुलूपरावांना इतका आनंद झाला की त्यांनी न्हाव्याच्या गिऱ्हाइकालाच मिठी मारली आणि स्वतःचा गाल फेसाने माखून घेतला. मग स्वतःचा पासपोर्टही त्यांनी बायकोच्या पर्समध्ये ठेवायला दिला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर रांग हलली, काउंटर आला. कुलूपरावांनी हात पुढे केला. बायकोने पर्स काखेत घट्ट धरली आणि पलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"आधी बिस्किटं," ती म्हणाली. "क्रीमची."

कुलूपराव रांगेतून बाहेर पडले आणि दोन पुडे घेऊन आले.