कानांचा पास्ता

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणाऱ्या मोहिलेकाकांच्या उजव्या अंगठ्याला नख आहे. तसं ते सगळ्यांनाच असतं. पण मोहिलेकाकांचं हे सांभाळलेलं नख आहे. बाकीची नऊ नखं ते दर शनिवारी मुळापासून कापतात आणि दहाव्याला कानस लावून गोलाई देतात. त्या अंगठ्याने ते बेल दाबत नाहीत, पार्सल फोडत नाहीत, भेंडीची टोकं मोडून बघत नाहीत. रस्त्यातही तो कुठे आपटू नये म्हणून छातीशी उभा धरून चालतात. त्यामुळे भाजीवाले, रिक्षावाले, एकदा तर चौकातला वाहतूक पोलीससुद्धा, आपापला अंगठा उभा करून त्यांच्याकडे बघून हसले. काकांचं म्हणणं असं, की नवीन पनवेलचे लोक अलीकडे फार मनमिळाऊ झाले आहेत.

मी शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही आणि स्वयंपाकात मला गती नाही, हे दोन्ही आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीत या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे लोक आहेत. काका मला 'बाई' म्हणतात. एकाहत्तर वर्षांचा माणूस दारात उभा राहून "बाई, नमुना तयार आहे" असं म्हणतो, तेव्हा मी हातातल्या वह्या बाजूला ठेवून जाते.

काकांनी तळोज्याला रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासला. रंगाच्या प्रत्येक खेपेचा नमुना काढायचा, तो पास झाला तरच माल बाहेर. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. "आधी नमुना बघू," हे त्यांचं पालुपद. द्राक्षवाल्याकडचं एक द्राक्ष तोंडात टाकून तीन मिनिटं निकालाची वाट बघत उभे राहतात. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी आधी दोन ओळी म्हणून दाखवायला लावल्या होत्या. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात. काकांच्या शोकेसमध्ये आमच्या टाकीच्या पाण्याच्या तारीखवार बाटल्या आहेत, आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या घरी चहाला जायला घाबरतात.

तर ते नख. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मोहिलेकाकू नखुल्यांसाठी प्रसिद्ध होत्या. नखुले म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. रव्याच्या घट्ट पिठाची चिमूट पाटावर ठेवायची आणि अंगठ्याच्या नखाने दाबून ओढायची, की ती वळून इवलीशी वाटी होते. लग्नघरात अशा वाट्यांनी परातीच्या पराती भरत. मुलाच्या, निखिलच्या लग्नात काकूंनी इतके नखुले केले, की खीर करून, रुखवतात मांडूनही एक बरणी उरली. ती लवंगा घालून त्यांनी माळ्यावर ठेवली. पुढच्याच वर्षी काकू गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी निखिल गेला, तीन दिवसांच्या तापात. त्याची मुलगी ओवी तेव्हा आठ महिन्यांची होती.

सून स्नेहल तान्ह्या पोरीला घेऊन कल्याणला माहेरी गेली. ती नर्स आहे. पुढे खारघरच्या एका हॉस्पिटलात लागली, तिथे स्थिरावली, आणि अमोल नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि काकांनीही तसं म्हटलं नाही. फक्त अमोलचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ते गृहस्थ" म्हणायचे.

ओवी तीन वर्षांची झाली तेव्हा स्नेहल तिला दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आणायला लागली. अकरा ते चार. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. स्नेहलचा चांगुलपणा, एवढाच त्याला आधार. तिने न आणलं तर का आणलं नाहीस म्हणून विचारायची सोय नव्हती, आणि काकांना ते पक्कं ठाऊक होतं. ते गृहस्थ गाडी घेऊन यायचे, खाली बसून राहायचे. काकांनी त्यांना कधी वर बोलावलं नाही.

पहिल्याच रविवारी ओवीने वरणभात ढकलला, पोळी ढकलली, शिरा ढकलला आणि "पास्ता" म्हणून गळा काढला. काका माझ्याकडे धावत आले. माझ्याकडे पास्ता नव्हता, खालचं दुकान दुपारचं बंद. तेव्हा त्यांना माळ्यावरची बरणी आठवली. नखुले उकळत्या पाण्यात टाकले, टोमॅटो शिजवून गाळला, त्यावर चीज किसलं. हिंगसुद्धा घातला, कारण आमच्याकडे कशातही हिंग घातला की निम्मी काळजी मिटते.

ओवीने एक नखुला चमच्यावर घेतला. शिजून तो चांगला फुगला होता.

"आबा, हा कोणाचा कान?"

काकांनी वाकून तपासला. "सशाचा," म्हणाले.

तिने चमचा तोंडाजवळ नेला, त्या कानात काहीतरी कुजबुजली आणि कान खाऊन टाकला. मग दुसरा. वाटी साफ झाली. बापाच्या लग्नातले नखुले पोरगी खात होती आणि काका स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभे होते. मी तिथून निघून आले. मला ते बघवेना.

पाच रविवारांत बरणी संपली. आता काका पुन्हा माझ्या दारात. "बाई, तुमच्या मातोश्रींना येत असेल." माझी आई पेणला असते, चौऱ्याऐंशी वर्षांची. वडील गेल्यापासून तिने नखुल्यांना हात लावला नव्हता. हे लग्नकार्यातलं काम, त्याला विधवेला कुणी बोलावत नाही. तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "लग्नाचे नाहीत ना?" काका म्हणाले, "नातीच्या जेवणाचे." आईने चष्मा लावला. मग म्हणाली, "अंगठा दाखवा बघू. हे काय नख आहे? वाढवा आधी."

नख वाढेपर्यंत तीन आठवडे गेले. नंतर रोज संध्याकाळी पाच वाजता पेणहून शिकवणी सुरू झाली. आई फोनमधून ओरडायची, "दाबू नका, ओढा. तुमचा रंगाचा डबा नाही तो." चौतीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करणारा माणूस चार महिने माझ्या आईकडून नापास होत राहिला. तेवढ्या दिवसांत आईची कंबरदुखीची तक्रार मात्र मी एकदाही ऐकली नाही.

पण एकदा हात बसल्यावर काका थांबेनात. उंदराचे कान, हत्तीचे कान, पोलिसाचे कान. पालकाच्या रसात भिजवलेले हिरवे कान राक्षसाचे, बिटाचे लाल कान थंडी वाजलेल्या माणसाचे. तळोज्याच्या कारखान्यांकडचा वारा लागू नये म्हणून ते गॅलरीत न वाळवता पलंगावर, पंख्याखाली. स्वतः सतरंजीवर झोपायचे. रविवारी दहाला मी नमुना चाखायचा, अकराला ओवी. तिचा नियम ठरलेला. प्रत्येक कानात काहीतरी सांगायचं आणि मगच खायचं.

एका रविवारी तिने विचारलं, "यात निखिलबाबाचा कान आहे?"

निखिलला तिने फोटोतच बघितलेलं. काका हातातलं काम टाकून उठले, एक नखुला नव्याने केला, उकळला आणि तिच्या ताटलीत एका बाजूला ठेवला. तो तिने सर्वांत शेवटी खाल्ला, बराच वेळ कुजबुजून. तेव्हापासून दर खेपेला एक निखिलचा असायचा.

खारघरला पोरगी नीट जेवत नव्हती. स्नेहलने बाजारातला तऱ्हेतऱ्हेचा पास्ता आणून बघितला. "हे ऐकत नाहीत," म्हणून ओवी ताटली सरकवायची. स्वतः करावं तर नर्सला नख वाढवता येत नाही. काकांनी वाळवलेले नखुले डब्यात भरून द्यावेत, हे मला पहिल्याच महिन्यात सुचलं होतं. तसं म्हटल्यावर काका म्हणाले, "ताज्याची चव वेगळी." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मग मला कळलं. ओवी शनिवारपासून आबांकडे जायचा धोशा लावायची तो या कानांसाठी. तेवढ्यावरच रविवार टिकून होते. डबा दिला असता तर ती कशाला आली असती, असं त्यांच्या मनात होतं. "तिकडे खात नाही म्हणे," हे ते मला सांगायचे तेव्हा चेहऱ्यावर काळजी असायची, पण पहिला नंबर आल्याचा आनंदही लपत नसे. मला त्यांचा थोडा रागच आला होता.

यंदाच्या एप्रिलमध्ये ओवी निखिलच्या कानात जरा मोठ्याने बोलली. "बाबा, आपण हैदराबादला राहायला जाणार. आईने सांगितलंय, आबांना आत्ता सांगायचं नाही."

काका समोरच बसले होते. मीही होते. त्यांनी तिच्या ग्लासात पाणी ओतलं, आणि ग्लास भरला तरी ओतत राहिले.

चार वाजता स्नेहल आली. तिला बघून काका म्हणाले, "कधी निघताय?" ती रडायला लागली. अमोलची बदली, जूनमध्ये शाळा, सुट्टीत नक्की आणेन, सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, ती तिथे काय खाणार हो?"

काका उठून गॅलरीत गेले. खाली गाडीपाशी अमोल फोन बघत उभा होता.

"अहो, वर या जरा."

अमोलने आजूबाजूला बघितलं, आपल्यालाच बोलावतायत का म्हणून. वर येऊन दाराजवळच अवघडून उभा राहिला. काकांनी त्याचा उजवा हात हातात घेतला. त्याची पाचही नखं दातांनी कुरतडलेली होती. पार मांसापर्यंत.

"चौथ्या रविवारी या. अंगठ्याचं नख वाढवून."

"मला सवय आहे, बाबा. लहानपणापासून. सुटत नाही."

"नाही सुटली तर येऊ नका."

चौथ्या रविवारी अमोल आला तो हात पाठीमागे धरून. काका म्हणाले, "दाखवा." त्याने हात पुढे केला. चार बोटं पूर्वीपेक्षा जास्त कुरतडलेली होती, करंगळीला रक्त सुकलेलं होतं, आणि अंगठ्याचं नख शाबूत होतं. काका त्या हाताकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बसा, अमोल."

मला त्या दिवशी कळलं, की त्यांना त्याचं नाव माहीत होतं.

दोन तास शिकवणी चालली. पेणहून फोनवर माझी आईही होती. अमोलचे नखुले म्हणजे कशालाही कान म्हणावं असे होते, पण काका एकदाही ओरडले नाहीत. उकळी किती, मीठ कधी, लाल भोपळा तिला कळू न देता रशात कसा घालायचा, सगळं सांगितलं. ओवी स्नेहलबरोबर माझ्या घरी चित्रं काढत बसली होती. शेवटी अमोलने हात पुसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "यात एक निखिलचा असतो ना? तो कसा करतात?"

काकांनी परातीतलं उरलेलं पीठ गोळा केलं.

"तसाच," ते म्हणाले. "फक्त सगळ्यात शेवटी करायचा. आणि ती त्याच्याशी बोलत असली की घाई करायची नाही."

मे संपताना ते तिघं हैदराबादला गेले. जूनच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मी काकांकडे डोकावले. ते टेबलाशी बसले होते. फोनमध्ये ओवी दिसत होती, पुढ्यात ताटली. कान वाकडेतिकडे होते, ती एकेकाशी बोलत होती आणि खात होती. तिचं सांगणं काही इथवर ऐकू येत नव्हतं. ताटली रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "आबा, झालं," आणि उठून पळाली. अमोलने हात हलवला आणि फोन बंद केला.

मी म्हणाले, "काका, शिकवलं नसतंत तर हट्ट करून आली असती ती. महिन्या-दोन महिन्यांनी तरी."

"आली असती."

"मग?"

"मधले दिवस काय खाल्लं असतं तिने?"

ते उठले, कुकर उघडला, एका ताटात वरणभात वाढला. मग जरा थांबून दुसरं ताट काढलं.

"बाई, जेवून जा. आज मला एकट्याला जमायचं नाही."

मी जेवून आले होते. तरी बसले.